रानात कधी एकट्यानं गेलायत? लिवा बगू

डावा कान : बेळगावकडच्या भीमगडच्या रानातल्या तळेवाडीच्या लोकांना भरपाईचे चेक मिळाले, गाव उठणार, ही बातमी वाचली आणि जुनं वर आलं. भीमगड अभयारण्य 2011 ला झालं, त्याच्या आधीची गोष्ट. दसरा झालेला, पाऊस नुकताच ओसरलेला. गडाखालच्या दरीत एकटाच उतरलो. गावातल्या एका काकूंनी नाचणीची भाकरी बांधून दिली, वर बजावलं, "म्हादईचा आवाज डाव्या कानाला ठेव, चुकणार नाहीस." तासाभरानं दोन्ही कानांना पाणी! त्या दिवसांत एकेक ओहोळ नदीच्या थाटात बोलतो. वर झाडांचं छप्पर, खाली खडकावर रुपयाएवढे उन्हाचे ठिपके. बसून भाकरी खाल्ली तोवर पोटरीला तीन जळवा. मग कुठूनतरी गुरांच्या घंटा ऐकू आल्या, त्या धरून वर चढलो. अंधार पडता पडता गावात. काकू दारातच. "कुठला कान?" एवढंच विचारलं.

खानापूरकर : 😂😂 कुठला कान

सुगरण_टिळकवाडी : जळवांना मीठ. आमचे हे पुडी घेऊन जातात आणि काकडीला लावून संपवतात.

बारापेडे : तिथल्याच गुहेत ते राटनचं वटवाघूळ जगात पहिल्यांदा सापडलं. कितीतरी वर्षं फक्त इथलंच समजत होते, नंतर मेघालयात आणि कंबोडियातही मिळालं. मी दाराशी उभा राहून वासानंच परत फिरलो, हा माझा अनुभव.

जांबोटी_रोड : आता परवानगीशिवाय आत जाऊ नका हं. मी गेलतो कॉलेजात असताना, नुसत्या वाटेवर गवा आडवा. दोघंही थांबलो. त्याला घाई नव्हती, मला होती.

खानापूरकर : कणकुंबीकडं पाऊस थांबला काय वो? आमचं भात आडवं झालंय.

म्हशीवाला : कालपास्नं उघडीप हाय. कापून घ्या लौकर.

सुगरण_टिळकवाडी : त्या काकू आता कुठं गेल्या असतील?

डावा कान : नाव विचारलं नाही तेव्हा. देवळाजवळचं घर, दारात फणस.

म्हशीवाला : तिकडं दारात फणस नसलेलं घर दाखवा, बक्षीस देतो. आणि भाकरी सगळ्याच बांधून देतात. थांबा, धार काढून येतो.