मदत हवी आहे: लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचे डबे खरंच पिवळे होते का? शनिवारी रंग मारायचाय

बार्शीलाईट (मंगळवार, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय. ह्युम एंड स्टेशनचा मॉडेल रेल्वे लेआउट करतेय. दोन डबे प्रायमर मारून तयार आहेत आणि गाडं रंगावर अडलंय. जिथे वाचावं तिथे लिहिलंय की सुरुवातीला डबे प्रिमरोज पिवळे, म्हणजे फिके पिवळे होते. पण माझ्याकडच्या फोटोत डबा चांगलाच काळपट दिसतो, चॉकलेटी इंजिनापेक्षा अगदी थोडासा उजळ. पिवळा असता तर पांढरट नको का दिसायला? एअरब्रश मैत्रिणीचा आहे, तो शनिवारपर्यंतच माझ्याकडे. प्रदर्शन पुढच्या महिन्यात. पिवळा की तपकिरी, एवढंच सांगा.
दुसरं म्हणजे, जुन्या २५ इंची (मैलाला २५ इंच) ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशात ह्युम एंडला रेल्वेच दाखवलेली नाही. नकाशा चुकीचा आहे का?

गोदाकाठ (मंगळवार, रात्री ११:५८)
दादा, ही रेल्वे कुठली? देश कोणता, साल कोणतं, स्केल काय? काहीच लिहिलं नाहीत. माथेरानसारखी आहे का?

बार्शीलाईट (बुधवार, सकाळी ७:१०)
दादा नव्हे, ताई :)
रेल्वे इंग्लंडमधली, स्टॅफर्डशर परगण्यातली. वॉटरहाउसेस ते ह्युम एंड, सव्वाआठ मैल, अडीच फुटी नॅरोगेज. १९०४ ला सुरू झाली, १९३४ ला बंद. अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचाच माणूस. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते आणि मी आता डर्बीला राहते. घरापासून तासाभरावर ती मॅनिफोल्ड नदीची दरी आहे. पहिल्यांदा तिथे गेले आणि पाटीवर कॅल्थ्रॉपचं नाव वाचलं, तेव्हा तिथेच बसून आईला फोन लावला होता.
माथेरान दोन फुटी आहे. हिचा त्याच्याशी संबंध नाही.
रंगाचं कुणी सांगेल का?

नॅरोगेज_नाना (बुधवार, सकाळी ९:३२)
ताई, कुर्डुवाडीचं नाव काढलंत आणि दिवसच पालटला माझा. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही लाईन सुरू झाली. बार्शी रोड म्हणजेच आपलं कुर्डुवाडी. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. आषाढीला पंढरपूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसे. टपावर माणसं, दारात माणसं, दोन डब्यांच्या मधल्या कपलिंगवरसुद्धा माणसं. माझी आजी म्हणायची, इंजिन चढावर दमलं की वारकरी उतरून चालायचे आणि वर गेल्यावर परत चढायचे. त्या गाडीचा रंग मला लालसर तपकिरी आठवतो. तुम्ही तोच द्या. एकाच माणसाच्या दोन रेल्वे, रंग वेगळा कशाला असेल?

फोटोवेडा (बुधवार, सकाळी १०:०५)
नाना, तुमची आठवण १९६०-७० ची असणार. त्यावरून १९०४ चा इंग्लंडमधला डबा रंगवता येणार नाही.
ताई, फोटो कोणता आहे ते सांगा. मूळ प्रिंट, पुस्तकातली छपाई की पोस्टकार्ड? कोणत्या सालचा? फोटोत आकाश कसं दिसतं, ढग आहेत की नुसतं पांढरं? कुठे लाल वस्तू आहे का?

चार_मिमी (बुधवार, सकाळी १०:४७)
रंगाआधी रुळांचं बघा. चार मिमीला एक फूट या स्केलने अडीच फूट म्हणजे १० मिमी. बाजारात मिळतो तो ९ मिमीचा रूळ, म्हणजे सव्वादोन फूट. ९ मिमीवर बांधत असाल तर इंजिन रुळांपेक्षा फुगलेलं दिसणार. १० मिमीचा रूळ स्वतः टाका, अवघड नाही. मी वीस वर्षं हाताने टाकतोय.

गोदाकाठ (बुधवार, सकाळी ११:०२)
एक मिमी कुणाला दिसतो हो? प्रदर्शनात लोक तीन फुटांवरून बघतात.

चार_मिमी (बुधवार, सकाळी ११:०९)
मला दिसतो. आणि ज्याने फूटपट्टी हातात धरलीय त्याला तर दिसतोच.

बार्शीलाईट (बुधवार, दुपारी १:२०)
रूळ ९ मिमीचेच आहेत आणि टाकून झालेत, ते उखडणार नाही. प्रश्न रंगाचा आहे.
फोटोवेडा, फोटो उद्घाटनाच्या वेळचा आहे, जून १९०४. लोक उभे आहेत, मागे पताका आणि ब्रिटिश झेंडे लावलेत. माझ्याकडे मोठी केलेली प्रत आहे. आकाश कोरं पांढरं, ढग एकही नाही.

फोटोवेडा (बुधवार, दुपारी २:१५)
झेंडे आहेत म्हणता, मग निम्मं काम झालं. त्या झेंड्यात दोन गडद रंग आहेत, निळा आणि लाल. फोटोत निळा फिका आणि लाल जवळजवळ काळा दिसतोय का ते बघा.

आता कारण सांगतो. त्या काळात सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचेच्या प्लेटा फक्त निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला दाद देत. पिवळा त्यांना फारसा दिसत नसे आणि लाल तर जवळपास नाहीच. म्हणून निळं आकाश पांढरं येतं, लाल काळं येतं, आणि पिवळं आपल्या अपेक्षेपेक्षा बरंच गडद येतं. ऑर्थोक्रोमॅटिक (हिरव्यालाही दाद देणारी) प्लेट असेल तर पिवळा थोडा उजळतो, लाल मात्र तरीही काळाच राहतो. सगळे रंग बऱ्यापैकी योग्य करड्या छटेत टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या १९०६ ला, तुमच्या फोटोच्या दोन वर्षांनंतर.

तेव्हा डबा काळपट दिसतो म्हणून तो पिवळा नव्हता, असं म्हणता येत नाही. जुन्या रेल्वेचे फोटो वाचताना बहुतेक जण इथेच घसरतात. मीही एका इंजिनाला चुकीचा रंग देऊन बसलो होतो. नंतर सबंध टाकी खरवडावी लागली.

सुताराचा_मुलगा (बुधवार, दुपारी ३:३०)
हे सगळं अंदाजपंचे वाटतं. फोटोत जे दिसतं तो पुरावा, बाकीचं तर्कशास्त्र. मी तपकिरी देईन. शिवाय पिवळा रंग मॉडेलवर खेळण्यासारखा दिसतो.

फोटोवेडा (बुधवार, दुपारी ३:४१)
फोटो पुरावा आहे, पण कशाचा? त्या प्लेटवर किती प्रकाश उमटला त्याचा. रंगाचा नाही. खेळण्यासारखा दिसतो हा तुमचा आजचा डोळा झाला, १९०४ चा नव्हे. ती गाडी दरीतल्या सहलीच्या पाहुण्यांसाठी होती, डब्यांना टोकाला उघडे सज्जे आणि नक्षीदार लोखंडी कठडे होते. ती उठून दिसावी अशीच केली होती.

दप्तरखाना (बुधवार, सायंकाळी ६:५०)
उशिरा आलो. ताई, नकाशा चुकीचा नाही. पानाच्या कडेला दोन वर्षं असतात, सर्वेक्षण किंवा दुरुस्ती झाली ते आणि छापलं ते. आपण छापल्याचं वर्ष वाचतो, पण जमीन त्याआधी मोजलेली असते. तुमचा नकाशा १९०४ च्या आधी मोजलेला असणार. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचे २५ इंची नकाशेही फुकट बघायला मिळतात. त्याच पानाची नंतरची दुरुस्त आवृत्ती उघडा, म्हणजे यार्डातला प्रत्येक रूळ दिसेल. पण तो नकाशा उद्घाटनाच्या दिवसाचा नाही हे लक्षात असू द्या. मधल्या वर्षांत एखादं साइडिंग वाढलेलं असू शकतं. प्रवासी रेल्वे सुरू करण्याआधी बोर्ड ऑफ ट्रेडचा, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्याचा तपासनीस येऊन लाईन तपासायचा. ते अहवाल लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एमटी ६ या मालिकेत आहेत. त्यात फलाट, सिग्नल, चढउतार मिळतील. डब्याचा रंग मात्र तिथे शोधू नका, तपासनिसाला त्याचं देणंघेणं नव्हतं. रंगासाठी उद्घाटनाच्या आठवड्यातली स्थानिक वर्तमानपत्रं चाळा. नवी गाडी कशी दिसते हे बातमीदार हौसेने लिहीत.

आता माझा प्रश्न. तुम्ही नेमका कोणता दिवस दाखवताय? आणि गाडीला काय काय जोडलंय?

बार्शीलाईट (बुधवार, रात्री ९:१५)
उद्घाटनाचा दिवस, २७ जून १९०४. दोन नंबरचं ‘जे. बी. अर्ल’ इंजिन, दोन डबे आणि मागे ट्रान्सपोर्टर, त्यावर कोळशाची वाघीण. ट्रान्सपोर्टर हीच तर या रेल्वेची गंमत! ब्रॉडच्या वाघिणीतला माल न उतरवता अख्खी वाघीणच नॅरोगेजच्या पाठीवर. ती मी पहिल्यांदा बांधली.

दप्तरखाना (बुधवार, रात्री ९:४०)
इथे ‘ब्रॉड’ म्हणू नका ताई. आपली ब्रॉड साडेपाच फूट, इथली स्टँडर्ड चार फूट साडेआठ इंच.

आणि वाईट बातमी देतोय, माफ करा. लीक गावाहून वॉटरहाउसेसपर्यंतची स्टँडर्ड गेजची शाखा १ जुलै १९०५ ला उघडली, तुमच्या रेल्वेनंतर वर्षभराने. त्या पहिल्या वर्षात प्रवासी लीकहून वाफेवर चालणाऱ्या बसने वॉटरहाउसेसला यायचे. म्हणजे २७ जून १९०४ ला ट्रान्सपोर्टरवर चढवायला कोळशाची वाघीण आणणार कुठून? उद्घाटनाच्या गाडीमागे ती शोभणार नाही.

शिवाय ती वाघीण कोणती आहे? किटच्या खोक्यावर काय लिहिलंय?

बार्शीलाईट (बुधवार, रात्री ९:५२)
खोक्यावर ‘आरसीएच १९२३, ७ फळ्या, १२ टन’. दुकानदार म्हणाला होता, जुन्या कुठल्याही काळाला चालते.

दप्तरखाना (बुधवार, रात्री १०:०३)
नाही चालत. आरसीएच म्हणजे रेल्वे क्लिअरिंग हाउस, रेल्वे कंपन्यांची सामायिक संस्था, आणि १९२३ हे त्या प्रमाण आराखड्याचं वर्ष. १९०४ मध्ये ती वाघीण जन्मालाच आली नव्हती. आरसीएचचा १९०४ च्या आधीचा आराखडा १८८७ चा आहे, त्यावरचं किट घ्या. किंवा नॉर्थ स्टॅफर्डशर रेल्वेची वाघीण करा, तीच कंपनी तुमची लाईन चालवायची. तिच्या चिन्हात स्टॅफर्डशरची गाठ असायची, त्यावरून लोक तिला ‘नॉटी’ म्हणत.

नॅरोगेज_नाना (बुधवार, रात्री १०:२०)
हे कॅल्थ्रॉप पुढे पॅराशूट करायला लागले, माहितीय का? पहिल्या महायुद्धातलं ‘गार्डियन एंजल’ पॅराशूट त्यांचंच. रेल्वेचा माणूस कुठून कुठे गेला बघा. आणि लीकची इंजिनं म्हणजे बार्शीच्या इंजिनांची हुबेहूब नक्कल.

दप्तरखाना (बुधवार, रात्री १०:३१)
हुबेहूब नाही, नाना. दोन्ही लीड्सच्या किटसन कारखान्याची, पण चाकांची मांडणी बार्शीची ०-८-४ आणि इथली २-६-४. घराणं एक, इंजिनं वेगळी.

विषय निघालाच आहे तर सांगतो. त्या मार्गावर स्वेन्सलीला एक बोगदा आहे. शेजारच्या हवेलीतून गाडी दिसू नये म्हणून तो केला, असं सांगतात. ती हवेली सर थॉमस वॉर्डल यांची. लीकचे रेशीम रंगवणारे, आपल्याकडच्या टसर रेशमावर आयुष्य घालवलेले, १८८५ ला भारतातही येऊन गेलेले. ताई, तुमच्या लेआउटला भारताशी जोडणारा दुसरा धागा हवा असेल तर हा घ्या.

सुताराचा_मुलगा (बुधवार, रात्री १०:४४)
बोगदा राहू द्या, ताईंनी पिवळा द्यायचा की तपकिरी?

फोटोवेडा (बुधवार, रात्री ११:००)
घरीच तपासता येईल. दोन पुठ्ठे घ्या, एक प्रिमरोज पिवळा, एक चॉकलेटी. शेजारी निळ्या-लालचं काहीतरी ठेवा आणि दिवसाउजेडी मोबाईलवर फोटो काढा. मग कुठल्याही फोटो-संपादकात लाल आणि हिरवा चॅनल बंद करून फक्त निळा ठेवा आणि करडा करा. जुन्या साध्या प्लेटच्या बरंच जवळचं चित्र मिळेल. ते तुमच्या १९०४ च्या फोटोशेजारी लावा.

बार्शीलाईट (शुक्रवार, रात्री ८:०५)
केलं. दोन दिवस गेले, पण केलं.

आधी झेंडे बघितले. निळा फिकट करडा आणि लाल काळाकुट्ट, फोटोवेडा म्हणाले तसंच. मग पुठ्ठे. निळ्या चॅनलमध्ये प्रिमरोज मधल्या करड्यावर उतरला, डोळ्याला इतका उजळ दिसणारा रंग. चॉकलेटी तर जवळपास काळाच झाला. माझ्या फोटोत इंजिन काळं आहे आणि डबा त्याच्यापेक्षा एक पायरी उजळ. म्हणजे चॉकलेटी इंजिनामागे पिवळा डबा अगदी बसतो, आणि तपकिरी डबा बसत नाही. डबा तपकिरी असता तर दोन्ही एकमेकांत मिसळले असते. इतके महिने मी हा फोटो उलटा वाचत होते.

पहिला डबा आज रंगवला. पिवळ्यात थोडा पांढरा मिसळलाय, एवढ्या लहान आकारात सरळ डबीतला रंग भडक वाटत होता.

साल मी बदललं. १९०६ चा उन्हाळा केलाय, म्हणजे ट्रान्सपोर्टर राहील. १८८७ आराखड्याच्या वाघिणीचं किट मागवलंय. आधीची वाघीण भाच्याला दिली.

चार_मिमी (शुक्रवार, रात्री ८:३०)
छान. ह्युम एंडला ट्रान्सपोर्टरवरून उतरलेल्या वाघिणींसाठी स्टँडर्ड गेजचा आखूड रूळ होता, तो टाकलात का? टाकला असेल तर १६.५ मिमीचाच टाकला असणार. चार मिमी स्केलला तो चार फूट दीड इंच होतो. हवा १८.८३.

बार्शीलाईट (शुक्रवार, रात्री ८:४१)
टाकला नाही अजून. एवढा एकच रूळ आहे, तो १८.८३ चा हाताने टाकेन. कसा टाकायचा ते वेगळ्या धाग्यात विचारते, तिथे या.

नॅरोगेज_नाना (शुक्रवार, रात्री ९:१०)
ताई, डब्याचा फोटो टाका. दोन टाका. एक रंगीत आणि एक त्या निळ्या चॅनलचा.