यवतेश्वर घाटात स्टेअरिंग दगडासारखं जड

सातारकर: वडिलांची 1998 ची दोन दारांची स्पोर्ट्स कार, जिवापाड जपलेली. परवा घाटात पॉवर स्टेअरिंग गेलं. बॉनेट उघडलं तर पंपाच्या पाइपला टोकाशी रबर आवळणाऱ्या धातूच्या कडीखालून लाल तेलाचे थेंब, खाली एक्झॉस्टवर धूर. नवा पाइप मिळेना. क्लिप आवळू का?

कुपवाडवाला: अजिबात नको! प्रेशरच्या पाइपवर क्लिप टिकत नाही, तापल्या एक्झॉस्टवर तेल पेटतं. जेसीबीचे होज (तेलाचे रबरी पाइप) प्रेस करतात तिथं न्या. टोकं जुनीच, मधलं रबर नवं. पाइप सोडवण्याआधी टोकांच्या कोनाची खूण करून ठेवा, नाहीतर पाइप बसतच नाही. तांब्याचे वॉशर नवेच घ्या.

मिरजकर: पाइप बसवल्यावर तेलात अडकलेली हवा काढताना पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन्हीकडं सावकाश फिरवा.

सातारकर: बसवला दादा. स्टेअरिंग तेलाच्या टाकीतला फेस गेला, कडी कोरडी आहे.