मदत हवी आहे: रत्नागिरी ते काशी रेल्वेने, सोबत दोन ज्येष्ठ. गाडी कुठे बदलावी?

आमसूल
नमस्कार मंडळी. सासरे ७२, सासूबाई ६६ आणि आम्ही दोघं, असे चौघं देवदिवाळीला काशीत पोचायचं म्हणतोय. सासऱ्यांचे गुडघे धरलेत, विमान नको म्हणतात. रत्नागिरीहून सोयीची थेट गाडी दिसत नाही, म्हणून दोन पर्याय काढलेत. एक, मंगला एक्स्प्रेसने कल्याण आणि तिथून मुंबई-वाराणसी महानगरी. दोन, मांडवी एक्स्प्रेसने थेट मुंबई सीएसएमटी आणि तिथून महानगरी. दुसऱ्यात दोन्ही गाड्या एकाच तारखेच्या मिळताहेत.

कोणता बरा? खालचे बर्थ कसे मिळवायचे? मांडवी रखडली तर पुढच्या तिकिटाचे पैसे बुडतात का? आणि डब्यात काय न्यावं, दोघंही बाहेरचं खात नाहीत. चौघांचं एकच तिकीट काढणार आहे, म्हणजे जवळजवळ बसता येईल.

रूळजोड
तिकीट काढलं नसेल तर जरा थांबा. आधी सांगा, देवदिवाळी कुठली? आपल्याकडे कोकणात देवदिवाळी म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा. काशीला घाटांवर दिवे लागतात ते कार्तिक पौर्णिमेला. दोन्हींत साधारण पंधरा दिवसांचं अंतर. घरच्या कालनिर्णयावर "देवदिवाळी" बघून तारीख धरली असेल तर तुम्ही पोचाल तेव्हा घाट रिकामे असतील.

दुसरं, महानगरी सीएसएमटीहून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे १० तारखेची महानगरी ही ९ तारखेच्या रात्रीची. तुम्ही १० ला दुपारी रत्नागिरीला मांडवीत चढाल तेव्हा १० ची महानगरी केव्हाच घाट चढून गेलेली असेल. मांडवी १० ची, तर महानगरी ११ ची हवी. एकाच तारखेच्या दोन गाड्या जुळताहेत असं जे दिसतंय ते फसवं आहे. या गाडीला सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात.

पर्याय मात्र दुसराच घ्या. मंगला कल्याणला दुपारी टाकते, महानगरी तिथे मध्यरात्रीनंतर येते. तेवढे तास म्हाताऱ्या माणसांना कल्याणच्या फलाटावर बसवणं बरं नाही. शिवाय कल्याणला फलाट बदलायला पूल चढावा लागेल आणि गाडी मोजकी मिनिटं थांबणार. सीएसएमटी हे टर्मिनस. गाड्यांच्या टोकाशी सगळे फलाट एकाच पातळीत जोडलेले आहेत, जिना नाही. महानगरी तिथूनच सुटते, म्हणून आधी येऊन लागते आणि निवांत चढता येतं. गुडघ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. मांडवी वेळेत असेल तर रात्री पावणेदहाच्या सुमारास पोचते, म्हणजे मध्ये दोन-अडीच तास मिळतात. जनशताब्दी साडेअकराच्या आसपास पोचते, तिच्या नादाला लागू नका.

हिरवा कंदील
चौघांचं एक तिकीट अजिबात काढू नका. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. तो पुरुष ६० आणि स्त्री ४५ वर्षांवरची असेल, आणि तिकिटावर एकटं माणूस किंवा असे दोघंच असतील, तरच लागू होतो. तिसरं नाव घातलंत की कोटा गेला. सासू-सासऱ्यांचं दोघांचं वेगळं तिकीट काढा आणि आयआरसीटीसीच्या साइटवर कोट्याच्या यादीत "लोअर बर्थ / सीनियर सिटीझन" निवडा. तुमचं दोघांचं दुसरं तिकीट, जनरल कोट्यात. तिथे "किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा" असाही पर्याय असतो, पण गर्दीच्या दिवसांत तो टिचकावला तर तिकीटच निघायचं नाही. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती शोधत बसू नका.

मिळालेला बर्थ खालचा आहे का हे आकड्यावरून कळतं. थ्री एसी आणि स्लीपरला ८ ने भागा: बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ मधला, ३ किंवा ६ वरचा, ७ साइड लोअर, शून्य साइड अप्पर. टू एसीला ६ ने भागा: १ आणि ३ खालचे, २ आणि ४ वरचे, ५ साइड लोअर, शून्य साइड अप्पर. म्हणजे ३६ नंबर थ्री एसीत खालचा, आणि तोच टू एसीत साइड अप्पर. वर्ग न बघता नंबरावर खूश होऊ नये.

परवडत असेल तर महानगरीला दोघांसाठी टू एसी घ्या. थ्री एसीत मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ उघडलेला असतो, तेव्हा खालच्या माणसाला ताठ बसता येत नाही. गुडघे आखडणाऱ्याला रात्री उठून पाच मिनिटं बसायला लागतं, तिथे हाल होतात. टू एसीला मधला बर्थ नाही. डब्याच्या मधोमधचे नंबर चांगले, टोकाला संडासाच्या दाराची उघडझाप रात्रभर.

आमसूल
बाप रे, देवदिवाळीचं खरंच लक्षात आलं नव्हतं. कार्तिक पौर्णिमाच हवी आहे. मग तिकिटं दोन-दोन अशी वेगळी काढली तर मांडवी उशिरा पोचल्यावर काय होतं?

रूळजोड
दोन्ही गाड्यांचे पीएनआर (तिकिटांचे नंबर) जोडता येतात. अटी: दोन्ही तिकिटांवर तेच प्रवासी, तपशील तंतोतंत सारखे, आणि पहिली गाडी जिथे उतरवते तिथूनच दुसरीत चढणार. म्हणून जोड्या दोन्ही गाड्यांना त्याच ठेवा. सासू-सासऱ्यांचं मांडवी आणि महानगरी, तुमचं मांडवी आणि महानगरी. मांडवीला चौघं एकत्र आणि महानगरीला दोन-दोन असं केलंत तर जोडणीच होणार नाही. आधी मांडवीचं तिकीट काढायचं, मग बुकिंग हिस्टरीत त्या तिकिटासमोर "कनेक्टिंग जर्नी"चा पर्याय असतो, तिथून पुढचं.

पहिली गाडी उशिरा येऊन दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचं भाडं रद्दीकरणाचा दंड न कापता परत मिळतं. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरायचा. तो महानगरीच्या तिकिटावर भरायचा, मांडवीच्या नव्हे. पण पैसे परत म्हणजे पुढच्या गाडीत जागा नव्हे, हे घरात आधीच बोलून ठेवा. दुसरी गाडी म्हणून दुपारी कुर्ल्याच्या एलटीटीहून सुटणारी कामायनी आहे, ती भोपाळ-बीनावरून फिरून जाते. म्हणून पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे वाराणसीत उतराल असा बेत करा, म्हणजे रत्नागिरी तीन दिवस आधी सोडायची. एक दिवस गेला तरी दिवे चुकत नाहीत.

मांडवी रखडते का? कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी आहे, रोहा ते वीर एवढाच तुकडा दुहेरी झालाय. एका गाडीला उशीर झाला की समोरच्या गाडीसाठी क्रॉसिंगला थांबावं लागतं आणि उशीर वाढत जातो. पुढे दिवा स्टेशननंतर लोकलच्या रांगेत आपली वेळ चुकली की अजून पंधरा-वीस मिनिटं. त्यामुळे संगमेश्वरला गाडी किती मागे आहे ते बघून खूश किंवा दुःखी होऊ नका, पनवेलला बघा. पनवेललाच दीड तासाहून जास्त उशीर असेल तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. ठाण्याला उतरून लोकलने कल्याण गाठा, तिथे महानगरी नंतर येते. मात्र तसं करायचं झालं तर आधी चढण्याचं स्टेशन कल्याण करून घ्यायला हवं, आणि एकदा ते बदललं की सीएसएमटीहून चढायचा हक्क जातो. म्हणून हा उपाय शेवटचा, आणि गुडघ्यांच्या दृष्टीने वाईटच. सीएसएमटीला फलाटांची कामं निघाली की कोकणातल्या गाड्या कधीकधी दादर किंवा ठाण्यालाच संपवतात, तेही दोन दिवस आधी रेल्वेच्या १३९ नंबरवर विचारा.

हिरवा कंदील
बुकिंगचे दिवस. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून, सकाळी ८ वाजता. सुरुवातीच्या वेळेत आधार-पडताळणी झालेल्या खात्यालाच तिकीट मिळतं, ते काम आत्ताच उरकून टाका. मांडवीचं बुकिंग एका सकाळी, महानगरीचं दुसऱ्या सकाळी, कारण तारीख एकाने पुढची आहे. एकाच सकाळी दोन्ही होणार नाहीत. चौघांची नावं, वयं आधीच मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा.

तत्काळवर विसंबून राहू नका. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, एसीचं १० ला, स्लीपरचं ११ ला. तुमच्या बाबतीत महानगरीचं तत्काळ उघडेल तेव्हा तुम्ही घरात बॅगा बांधत असाल आणि दुपारी मांडवी पकडायची असेल. शिवाय ज्येष्ठांचा कोटा त्यात नाही आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे मिळत नाहीत.

आणि जाताना नव्हे, येताना खरी मारामारी आहे. छठपूजा कार्तिक शुद्ध षष्ठीला, पौर्णिमा त्यानंतर नऊ दिवसांनी. छठच्या आधी मुंबईहून पूर्वांचलाकडे जाणाऱ्या गाड्या ओसंडतात, त्या तुमच्या वेळी मोकळ्या झालेल्या असतील. पण छठ आटोपून मुंबईला परतणारी माणसं नेमकी तुमच्या परतीच्या दिवसांत निघतात. त्यामुळे परतीचं बुकिंग ज्या दिवशी उघडेल त्याच सकाळी ८ ला बसा. वेटिंगवर राहिलंत तर चार्ट लागल्यावर ई-तिकीट आपोआप रद्द होतं, चढता येत नाही. आरएसी असेल तर चढता येतं, पण साइड लोअरवर दोघांनी बसून. सासऱ्यांना ते झेपणार नाही.

खेकडा
जेवणाचा मी सांगतंय. माका इचारशात तर ओल्या नारळाची चटणी डब्यात घालूच नको. दुपारी घातलेली रात्री आंबता. तांदळाची भाकरी पण नको, संध्याकाळपर्यंत चामड्यासारखी होता. दुधात पीठ मळून दशम्यो कर. पाणी घालू नको, तेल थोडा जास्त, आणि थंड झाल्याशिवाय डब्यात घालू नको. गरम घातल्यो की वाफ धरतत आणि बुरशी येता. दोन दिवस मऊ रवतत. सोबत सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी, भाजलेलो रवो, मीठ घालून भाजलेले शेंगदाणे.

सुके बांगडे, सोडे पिशवीत नकोत. एसी डब्यात हवा बंद असता. वास उठलो की अख्खो डबो तुझ्याकडे बघीत.

रूळजोड
खेकडाभाऊंना अनुमोदन. एक भर: मांडवीच्या पँट्रीचं नाव आहे, पण दोघं खात नसतील तर निदान गरम पाणी तिथे मागून घ्या, थर्मास भरून. नाश्त्याला रवा त्यात भिजवता येतो. महानगरीत रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना, जास्त मागितले तर १३९ सांगा, बहुधा लगेच चौदाच होतात.

थंडीचं. एसीत चादर, उशी, ब्लँकेट मिळतं, स्लीपरला काहीच नाही. नोव्हेंबरच्या अखेरीला वाराणसीकडे पहाटे जी थंडी असते ती कोकणातल्या माणसाला माहीत नसते. उतरणंही पहाटेच आहे. कानटोपी, पायमोजे वरच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. वाराणसीला उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्ये बसा. तिकिटावर "वाराणसी जंक्शन" आहे ना ते बघा. बनारस हे वेगळं स्टेशन, पूर्वीचं मंडुआडीह. दीनदयाळ उपाध्याय म्हणजे जुनं मुगलसराय, ते शहराबाहेर.

आमसूल
सगळं वहीत लिहून घेतलं. परतीला महानगरीने मुंबईत दुपारी उतरून रात्री कोकणकन्या असा विचार आहे. गंगाजल कसं आणावं? मागच्या वेळी शेजाऱ्यांचं सगळं अंथरुणात सांडलं होतं.

हिरवा कंदील
परतीची जोडणी चांगली आहे, मध्ये सात-आठ तास राहतात, उत्तरेकडून गाडी दोन-चार तास रखडली तरी चालतं. इथे तारखेचा घोळ नाही. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री अकराच्या पुढे सुटते, तारीख त्याच दिवसाची. ती नाही मिळाली आणि दादरहून तुतारी धरलीत तर ती बारानंतरची, म्हणजे तारीख पुढची.

गंगाजल: बाजारात मिळणाऱ्या पातळ कॅनची टोपी डब्याच्या हादऱ्याने सैल होते. आत बूच आणि वर फिरकीची टोपी असं दुहेरी झाकण असलेला जाड कॅन घ्या. गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं जागा सोडा. टोपीवर चिकटपट्टी तीन वेढे, मग कॅन प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी छोट्या बादलीत उभी. बर्थखाली आडवी ठेवली की झालंच.

कोकणकन्या रत्नागिरीला पहाटे येते, अंधारात. गजर रत्नागिरीच्या वेळेचा लावू नका, चिपळूणच्या वेळेचा लावा. गाडी मागे असेल तर अर्धा तास अधिक झोपता येईल. वेळेवर असेल तर संगमेश्वर यायच्या आत बॅगा दाराशी हव्यात. सासऱ्यांना दाराशी आधीच उभं करू नका, जवळच्या खालच्या बर्थवर बसवा. आणि रत्नागिरीला फलाटावरून बाहेर यायला वर चढावं लागतं. घरी घेऊन जाणाऱ्याला सांगा, बाहेर मोटारीत बसून न राहता फलाटावर उतरून ये म्हणावं.