गाडीच्या पडद्यावर कॉलिंग अ‍ॅपला स्वतःचा स्क्रीन हवा का?

गाडीवान
माझं मत, नको. अँड्रॉइड ऑटोवर (अँड्रॉइड फोनची अ‍ॅप्स गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय) इंटरनेट कॉलिंग आणायचं तर सगळा जोर टेलिकॉमच्या, म्हणजे अँड्रॉइडच्या कॉल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, जोडणीवर लावा. त्यासाठीच्या कोअर-टेलिकॉम लायब्ररीतल्या कॉल्समॅनेजरकडे अ‍ॅपची नोंदणी करा आणि प्रत्येक कॉल, येणारा असो की जाणारा, त्याच्या अ‍ॅडकॉल फंक्शनमधूनच पाठवा. मग येणारा कॉल गाडी तिच्या पद्धतीने दाखवते, स्टिअरिंगवरचं बटण चालतं. सिमचा कॉल मध्ये आला की आपला होल्डवर जातो; मात्र होल्ड चालतो हे कॉलच्या माहितीत जाहीर केलेलं हवं, नाहीतर तो सरळ कापला जातो. ऑडिओ स्वतःच वळवत बसलात तर कॉल चालू आहे हे गाडीला कळतच नाही.

सातवा गिअर
उचलण्यापुरतं मान्य. पण कॉल लावायचा कसा? स्क्रीन नसला की माणूस फोन हातात घेणार, आणि धोका तिथेच आहे. कार अ‍ॅप लायब्ररीत (गाडीच्या पडद्यासाठी स्क्रीन बनवायची अँड्रॉइडची लायब्ररी) कॉलिंगची वेगळी कॅटेगरी आहे. दोन टॅब पुरे: अलीकडचे आणि आवडते. यादीत किती ओळी चालतील ते होस्ट (अ‍ॅपचा स्क्रीन गाडीत दाखवणारा प्रोग्राम) ठरवतो. ती मर्यादा लायब्ररीतल्या कन्स्ट्रेंटमॅनेजरला विचारा, आकडा कोडमध्ये ठोकू नका.

गाडीवान
त्यासाठी आवाज आहे ना! बोटाने यादी चाळणं म्हणजे रस्त्यावरून नजर हटणं. कारप्लेमध्ये (आयफोनची अशीच सोय) तर कॉलिंग अ‍ॅपला सिरीचा स्टार्ट-कॉल इंटेंट, म्हणजे आवाजाने कॉल लावायची जोडणी, द्यावाच लागतो.

सातवा गिअर
‘संजूकाका ठाणे’ आणि ‘संजू गॅरेज’ अशी नावं सेव्ह असलेल्या फोनवर आवाजाने कॉल लावून बघा. दोन-तीनदा चुकलं की माणूस फोनच उचलतो.

कॉपर वायर
नावांसाठी आयफोनवर आयएनव्होकॅब्युलरी आहे, अ‍ॅपमधली नावं सिरीला आधीच शिकवायला. महत्त्वाची नावं यादीत आधी द्या, क्रमाला तिथे अर्थ आहे.

स्क्रीनच्या वादात खरी दुखणी मागे राहतायत. कॉल उचलला की टेलिकॉम अ‍ॅपचं ऑनआन्सर फंक्शन बोलावतं, त्याला ५ सेकंदांत उत्तर द्यावं लागतं. त्याच्या आतच सर्व्हरशी बोलणं उरकायला गेलात आणि गाडी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरच्या भाताणच्या बोगद्यात शिरून नेटवर्क गेलं, की कॉल गेला. तिथे फक्त होकार द्या, सिग्नलिंग (सर्व्हरशी कॉल जोडण्याची बोलणी) बाहेर चालू द्या. आयफोनच्या कॉलकिटमध्ये (तिथली कॉल सांभाळणारी यंत्रणा) ऑडिओ तयार असल्याचा डिडअ‍ॅक्टिव्हेट निरोप येण्याआधी ऑडिओ सुरू केला तर कॉल जोडलेला दिसतो, आवाज मात्र नाही.

आणि डेस्कटॉप हेड युनिटवर (गाडीच्या पडद्याची संगणकावरची नक्कल, ५२७७ पोर्ट फॉरवर्ड करून) सगळं छान चाललं म्हणून रिलीज करू नका. कॉलचा आवाज ब्लूटूथच्या हँड्स-फ्री प्रोफाइलवरून जातो, तो तिथे तपासलाच जात नाही. गाडीतल्या जुन्या युनिटवर आवाजाचं सॅम्पलिंग ८ किलोहर्ट्झच मिळतं, नव्यांवर १६. शिवाय युनिटचं इको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी काढणं) आणि अ‍ॅपचं, दोन्ही चालू राहिली की शब्दांची टोकं खाल्ली जातात.

सातवा गिअर
हे मान्य, आधी ऑडिओच. तरी आवडत्यांचा टॅब मी काढणार नाही.

गाडीवान
मग गाडी चालू असताना त्यात शोध आणि कीबोर्ड तरी देऊ नका.