आजोबांचं 1943 चं ट्रेनिंग, आधी बेळगाव मग छिंदवाडा. तिथं नेमकं काय चालायचं?

कोरेगावकर_नातू

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीय, सांभाळून घ्या.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, दुसऱ्या महायुद्धात होते. आमचं आजोळ कोरेगाव तालुक्यातलं. 1943 ला भरती झाले तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे असतील. जाऊन आता बरीच वर्षं झाली. लढाईचं ते कधी बोललेच नाहीत, ब्रह्मदेश म्हणलं की उठून गोठ्यात जायचे, पण ट्रेनिंगचं मात्र रंगवून सांगायचे, बेळगावला पहिल्यांदा बूट घातले आणि पायाची सालटी निघाली, उस्तादानं रात्रीत दोन-दोनदा उठवून फॉलिन (रांगेत हजेरी) करायला लावलं, लंगरात पोटभर चपाती मिळायची, असलं सगळं. आम्ही पोरं ऐकायचो आणि खेळायला पळायचो.

आता मामानं जुनं घर उतरवायला काढलंय, त्यात माळ्यावर त्यांची काळी ट्रंक निघाली. आत मेडलं, एक कमरपट्टा आणि एक वही. वहीतली अक्षरं इंग्रजी आहेत पण वाचायला गेलं तर इंग्रजी नाही, गावातल्या सरांनाही लागली नाही. आणि दुसरं म्हणजे आजोबा नेहमी म्हणायचे "बेळगावनंतर छिंदवाडा". आता छिंदवाड्यात कुठली लढाई झाली? घरात कुणालाच पत्ता नाही.

तर मला जाणून घ्यायचंय की त्या काळी ट्रेनिंग किती दिवस असायचं, दिवसभर पोरांकडून काय करून घ्यायचे, कुठं जायचंय ते त्यांना माहीत असायचं का. मोठा मामा म्हणतो इंग्रजांची चाकरी होती ती, कशाला उकरतोस. पण मला ते अठरा वर्षांचं पोरगं कसं होतं ते बघायचंय. कुणाच्या घरात असं कुणी असेल तर प्लीज लिहा.

पलटणवेडा

छिंदवाड्यात लढाई नव्हती दादा, जंगल होतं. 1942 ला जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, मग 42-43 च्या हिवाळ्यात आराकानात, म्हणजे ब्रह्मदेशाच्या किनारपट्टीला, आपल्या फौजेनं परत जोर लावला आणि परत मार खाल्ला. तेव्हा वरच्यांच्या डोक्यात उजेड पडला की पोरं तयार करतोय उघड्या मैदानासाठी आणि पाठवतोय घनदाट झाडीत, तीही अर्धकच्ची. 1943 च्या मध्यात कमिटी बसली आणि ठरलं की रेजिमेंटच्या सेंटरला नऊ महिने बेसिक आणि त्यावर दोन महिने नुसतं जंगल ट्रेनिंग, मगच पोरगं पुढं जाईल. त्यासाठी दोन अख्ख्या डिव्हिजन लढाईतून बाजूला काढल्या, 39 वी सहारनपूरला आणि आराकानात पोळून आलेली 14 वी छिंदवाड्याला. आजोबा बेळगाव, छिंदवाडा, ब्रह्मदेश याच क्रमानं सांगत असतील तर ते बहुतेक याच वाटेनं गेले. आणि खरं सांगू का, नशीब म्हणा त्यांचं, कारण त्यांच्या आधी गेलेल्या पोरांना हे मिळालंच नव्हतं.

जंगल ट्रेनिंग म्हणजे काय तर रात्रीची गस्त, झाडीत पावलाचा आवाज न करता चालणं, होकायंत्रावर दिशा धरणं, मुक्काम पडला की आधी खंदक खणायचा मग बाकीचं. सगळ्यात अवघड धडा वेगळाच होता. जपानी वळसा घालून मागं यायचे आणि आपल्या फौजा रसद तुटली म्हणून माघार घ्यायच्या. तर नव्या पोरांच्या डोक्यात हे ठोकून बसवायचं होतं की शत्रू पाठीमागं आला तरी जागा सोडायची नाही, चारी बाजूंना बंदुका करून बसून राहायचं, खाणं आणि गोळ्या विमानातून पडतील. एकोणीस वर्षांच्या पोरानं या बोलण्यावर विश्वास ठेवून रात्रभर खड्ड्यात बसायचं, ही काय साधी गोष्ट आहे का.

आणि मलेरिया! त्या आघाडीवर गोळीनं पडले त्याच्या कितीतरी पट लोक तापानं पडत होते. म्हणून संध्याकाळ झाली की बाह्या खाली, आणि मेपाक्रिनची गोळी सक्तीनं. त्या गोळीनं कातडी पिवळी पडायची. आजीला विचारा, आजोबा परत आले तेव्हा पिवळे दिसत होते का, अशा आठवणी घरातल्या बायांच्या पक्क्या असतात.

वहीचं मला वाटतं रोमन उर्दू असणार. तेव्हाच्या भारतीय फौजेत सगळ्या जातीधर्माच्या पलटणींना एकच भाषा शिकवायचे, हिंदुस्थानी, आणि लिहायची इंग्रजी अक्षरात. रंगरुटाला राइफलइतकंच हेही शिकावं लागायचं, परीक्षा असायच्या, पुढं नाईक-हवालदार व्हायचं तर पास होणं भाग होतं. त्यामुळं वही इंग्रजी म्हणून वाचू नका, मोठ्यानं हिंदी म्हणून वाचा, पटापट लागेल. त्यात बहुतेक थ्री-नॉट-थ्री राइफलचे भाग, ब्रेन गन (हलकी मशीनगन) अडकली तर काय करायचं असलं निघेल. कित्येक पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल धरली ती बराकीत.

कुठं जायचंय हे माहीत असायचं का? बेळगावात तरी नसायचं. विचार करा, बेळगावच्या एकाच मराठा लाइट इन्फंट्री सेंटरमधून निघालेली पोरं, त्यातली दुसरी बटालियन जून 1942 ला तोब्रुकला आफ्रिकेत पकडली गेली, चौथी मार्च 1944 ला मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांसमोर उभी होती, पहिली आणि तिसरी इटलीत. माणगावच्या बाजूचे यशवंत घाडगे इटलीतच 10 जुलै 1944 ला पडले, वय 22, व्हिक्टोरिया क्रॉस. शेजारच्या चारपाईवर झोपणारा वाळवंटात जाणार की बर्फात की चिखलात ते कुणालाच ठाऊक नाही.

निवृत्त_हवालदार_कागल

पलटणवेडा यांनी इतिहास छान सांगितला. मी माझ्या अनुभवाचं लिहितो. मी 1986 ला बेळगाव सेंटरला रंगरूट होतो आणि 1988 ला शांतिसेनेतून श्रीलंकेत, म्हणजे तुमच्या आजोबांनंतर चाळीसेक वर्षांनी, पण तुम्ही लिहिलेलं बूट, फॉलिन, लंगर वाचलं आणि वाटलं माझंच कुणी लिहिलंय.

सगळ्यात पहिल्यांदा तुमचं नाव जातं बघा. सोलापूर, रत्नागिरी, नगर, बीड कुठनं कुठनं पोरं आलेली असतात, पहिल्या दिवशी सगळ्यांचे केस साफ, एकसारखी बनियन, आणि उस्ताद "ए रंगरूट" म्हणून हाक मारतो तेव्हा वीस डोकी एकदम वळतात. चार वाजता उठायचं, दाढी करून, बिस्तर घडी घालून, पहाटेच्या पीटीला हजर. एकानं चुकवलं की सगळ्या प्लाटूनला रगडा. आधी त्या एकावर आपण चिडतो, शिव्या देतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी काय होतं कळत नाही, त्याचे बूट तुम्ही पॉलिश करता, तुमची राइफल तो साफ करतो, कुणी न सांगता. उस्तादाला हेच पाहिजे असतं. माझ्या शेजारी एक जत तालुक्यातला पोरगा होता, त्याला डावं-उजवं कळायचं नाही, परेडला हात-पाय एकाच बाजूचे पुढं जायचे. आम्ही त्याला रात्री बराकीच्या मागं चांदण्यात चालायला शिकवायचो. कसम परेडला तो असा चालला की उस्तादच्या डोळ्यात पाणी आलं, हे मी बघितलंय.

तुम्ही म्हणता आजोबा लढाईचं बोलायचे नाहीत आणि ट्रेनिंगचं रंगवून सांगायचे. मीपण तेच करतो. माझी मुलं विचारतात पप्पा श्रीलंकेचं सांगा ना, मी बेळगावचं सांगतो. बेळगावच्या गोष्टीत सगळेजण हजर असतात हो. मद्रासला जहाजात चढताना जेवढे होतो तेवढे उतरताना नव्हतो. ते कसं सांगणार घरात बसून. आजोबा गोठ्यात का जायचे ते मला न सांगता कळलं.

गुहागरची_लेक

हवालदार काका, वाचून गलबलून आलं. तुम्हाला मनापासून नमस्कार.

मी घरच्या बाजूचं सांगते कारण ट्रेनिंग फक्त पोराचं नव्हतं, मागं राहिलेल्या बाईचंपण होतं. माझी पणजी सांगायची, नवरा बेळगावला गेला तेव्हा ती सोळाची, पदरात काही नाही, सासू-सासरे आणि वरकस जमीन. शिपायाचा पगार युद्धाच्या सुरुवातीला महिना 16 रुपये होता, पुढं 18 झाला, आणि त्यातला ठरावीक हिस्सा घरी लावून द्यायची सोय होती. आमच्याकडं ती मनीऑर्डर पोस्टमन आणायचा. पैसे सासऱ्याच्या हातात, अंगठा सासऱ्याचा, पणजीनं कधी एक नोट हातात धरली नाही पण मनीऑर्डर आली म्हणजे माणूस आहे, एवढं तिला कळायचं. पत्र आलं तर शाळामास्तर वाचणार, ओटीवर सगळ्यांसमोर, त्यात बायकोला काय लिहिणार कोण! तब्येत बरी आहे, म्हैस व्याली का, एवढंच.

एकदा सुट्टीवर आला तेव्हा तिनं त्याला ओळखलाच नाही म्हणायची, अंगानं भरला होता. तेव्हा भरतीला येणारी पोरं इतकी खंगलेली असायची की वजनाची अट खाली आणावी लागली होती, आणि बराकीत दोन वेळ डाळ-चपाती-तूप-मटण मिळून काही महिन्यांत अंग धरायची. आमच्या घरात नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं तेही मोजून. तिला राग आला होता त्या अंगाचा, कारण तिला कळलं की आता याला नेणार. बैलाला पोळ्याआधी खाऊ घालतात तसं, असं म्हणायची ती. ते वाक्य आमच्या घरात अजून आहे.

नातूदादा, आजी असतील तर वहीआधी त्यांना विचारा, खरंच.

वाळवेकर

मोठ्या मामांच्या मुद्द्यावर बोलतो. त्यांचं चुकीचं नाही, आपल्या भागात 1943 पासून नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं, त्याच गावांतली पोरं भूमिगत होती आणि त्याच गावांतली पोरं बेळगावची मीटरगेज गाडी पकडून भरतीला जात होती. आमच्या भावकीत एक आजोबा तुरुंगात आणि त्यांचा सख्खा चुलतभाऊ पलटणीत. दोघांची तोंडं पुढं कित्येक वर्षं एकमेकांकडं नव्हती. पण दोघांच्या घरात शेत तेवढंच होतं, खाणारी तोंडं तेवढीच. जवळपास 25 लाख लोक त्या फौजेत होते आणि सगळे स्वतःहून भरती झालेले म्हणतात. दोन एकरात सात माणसं असताना स्वतःहून म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. त्या पोराला साम्राज्य बिम्राज्य काय माहीत असणार. मामांना म्हणावं तुमचा राग इंग्रजावर ठेवा, आजोबांच्या ट्रंकेवर नको.

कोरेगावकर_नातू

सगळ्यांचे खूप खूप आभार, काय बोलू कळत नाहीये. रात्री वही मोठ्यानं वाचली आणि लागली!! "बंदूक साफ करने का तरीका" असं पहिल्याच पानावर आहे, खाली एक-दोन-तीन करून लिहिलंय, अक्षर पहिल्या पानांवर एकदम वाकडंतिकडं आणि शेवटाकडं जाता जाता सरळ होत गेलंय. मधे एका पानावर मच्छरचं आहे, शाम को आस्तीन नीचे. मामा ऐकत बसला होता शेजारी, काही बोलला नाही पण उठूनही गेला नाही.

आजी नाहीये आता ताई, दोन वर्षं झाली. आईला विचारलं, ती म्हणाली आजी सांगायची की काविळ झाल्यासारखे आले होते आणि वैद्याचं औषध दिलं होतं.

आता हे विचारायचंय की नेमकी बटालियन कोणती ते कसं शोधायचं? मेडलांवर काही कळतं का?

पलटणवेडा

अरे वा, काविळीचं ऐकून अंगावर काटा आला, मेपाक्रिनच ती.

मेडलं उलटी करून बघा, ताऱ्याच्या आकाराची असतील ती मागच्या बाजूनं आणि गोल असतील ती कडेनं. इंग्रजांनी स्वतःच्या सैनिकांना ती कोरी दिली पण भारतीय फौजेच्या मेडलांवर नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट ठोकलेलं असतं. घासू नका, ब्रासो तर अजिबात लावू नका, अक्षरं उडतात. थोडं पीठ चोळून फोटो काढा, उठून दिसेल. त्यात बर्मा स्टार असेल तर ब्रह्मदेशाचा प्रश्नच मिटला.

निवृत्त_हवालदार_कागल

नंबर मिळाला की निम्मं काम झालं. मग बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टानं अर्ज करा. अर्जात नंबर, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा तेव्हा जसा होता तसा, भरतीचं साल, आणि तुम्ही त्यांचे कोण ते. जिल्हा तेव्हाही सातारा पण आताच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच होता, हे ध्यानात ठेवा म्हणजे नोंद चुकणार नाही. आईच्या सहीनं केला तर जास्त बरं, मुलगी म्हणून. सोबत झेरॉक्स जोडा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातपण एक चक्कर मारा, तिथं आमच्यासारखे निवृत्त लोकच बसतात, अर्ज लिहून देतात. उत्तर यायला वेळ लागेल, धीर सोडू नका, महिन्या दोन महिन्यांनी आठवण करत राहा.

वही मात्र कुणालाही पाठवू नका, सरकारी असो की संग्रहवाला. एकेका पानाचा मोबाईलवर फोटो काढा, सगळ्या भावंडांना द्या. आणि बेळगावला कधी आलात तर मला इथं मेसेज टाका, मी कागलहून येतो, सेंटरच्या गेटपर्यंत आपण बरोबर जाऊ. मामांनापण आणा.