'बोकेह' की 'बोके'? आणि 'ब्लर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : फुलांच्या फोटोत मागचं सगळं मऊ, पसरट दिसतं, त्याला 'बोकेह' म्हणतात ना? मराठीत 'धूसर पार्श्वभूमी' चालेल का?

उत्तर : मूळ शब्द जपानी, 'बोके'. 'बोकेरु' म्हणजे पुसट होणं. म्हातारपणी भ्रम होण्यालाही तिथे हाच उच्चार. शेवटचा 'ह' जपानी नाहीच. १९९७ साली 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकी नियतकालिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी तो जोडला, कारण इंग्रजी वाचक रोमन अक्षरं बघून 'बोक' म्हणाला असता. देवनागरीत 'के' हा 'के'च वाचला जातो. मग तो उसना 'ह' आपण कशाला वागवायचा?

दुसरं, बोके म्हणजे मागचं किती पुसट झालं ते नव्हे, कसं झालं ते. दवाच्या थेंबांची गोल चकती झाली की कडेला टोकं आली, हा बोकेचा प्रश्न. किती, हे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) आणि अंतरावर ठरतं. कासला उभं राहून सोनकीचा फोटो काढा : गवत चार बोटं मागे असतं, एफ/२.८ ला, म्हणजे छिद्र मोठं उघडलं तरीसुद्धा, पातं न् पातं दिसतं. तेच फुलाच्या उंचीला खाली बसा. मागचा उतार वीस-पंचवीस फूट लांब जातो आणि सगळ्या सोनक्यांचा एक हळदी पट्टा होतो.

त्या पट्ट्याला 'धूसर' म्हणवत नाही. धूसर हा मुळात धुळीचा, राखी रंग. 'अंधुक'मध्ये उजेड कमी, 'अस्पष्ट'मध्ये चूक झाल्याचा भाव. मला 'विरलेली पार्श्वभूमी' आवडते. ढग विरतो, हाक विरते, तसंच इथे होतं.

– पण आमच्याकडे साडी विरते, म्हणजे जीर्ण होते. तोच अर्थ आधी मनात येतो.

– येऊ दे की. विरलेल्या साडीतही वीण सुटत सुटत जाते, एकदम तुटत नाही. म्हणूनच मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडला, म्हणजे मागचं आपोआप पुसट करणाऱ्या सोयीला, मी हा शब्द देणार नाही. परवा तेरड्याचा फोटो काढला, तर फुलामागची ती बारीक वळलेली शेपटी पार्श्वभूमी समजून त्याने पुसून टाकली. त्याला 'ब्लर मारलाय' हेच बरोबर.