दोन दिवसांत नागपूरची कोणती इंजिनिअरिंग कॉलेजं पाहायची? सातही की तीनच?

आरमोरीचा बाप
नमस्कार. पोरीची सीईटी झाली, आता कॅपचा (राज्याच्या केंद्रीय प्रवेशाचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीनं यादी, भरायचा आहे, तिला केमिकल नाहीतर कॉम्प्युटर पाहिजे. दोन दिवसांची सुट्टी टाकून तिला घेऊन नागपूरला येऊन राहिलो, शुक्रवार-शनिवार. लिस्ट अशी आहे: व्हीएनआयटी, एलआयटी, रामदेवबाबा, वायसीसीई, खापरीकडचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग, रायसोनी आणि नंदनवनचं केडीके. बायको म्हणते एवढं पाहून पोरगी गोंधळून जाईल. माझं म्हणणं असं की चार वर्षं लेकरू तिथं राहणार, एवढ्या दूर यायचंच आहे तर सगळंच पाहून घ्यावं. सांगा जी, काय करू?

हिंगणा रोड रोजचा
वहिनींचं बरोबर आहे. सात कॉलेजं दोन दिवसांत म्हणजे तुम्ही ऑटोच पाहाल, कॉलेज नाही. नंदनवन एका टोकाला, वायसीसीई वानाडोंगरीला, रामदेवबाबाच्या काटोल रोडला मेट्रोच नाही, खापरी ऑरेंज लाइनच्या पार शेवटी. व्हीएनआयटी लिस्टमधून आधी काढा, ते केंद्राचं एनआयटी, तिथं बी.टेक.ला जेईई मेन लागते, जोसामधून (आयआयटी-एनआयटीच्या देशभरच्या सीटवाटपातून) सीट मिळते, सीईटीच्या स्कोअरचा काही उपयोग नाही. उरलेल्यातही फॉर्ममध्ये ज्या दोन-तीन कॉलेजांचं वर-खाली ठरत नाही तेवढीच पाहा. पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला तर सीट ऑटो फ्रीज होते, म्हणजे आपोआप पक्की, मग पुढच्या राउंडला जाताच येत नाही, म्हणून पहिल्या नंबरवर काय टाकायचं यासाठीच ही चक्कर आहे असं समजा. जे कॉलेज सातव्या नंबरवर जाणारच आहे ते पाहून काहून दिवस घालवता?

कटऑफ पाहा
मी तर म्हणतो येऊच नका. गेट, बिल्डिंग, लॉन, रिसेप्शनवरच्या मॅडम, हे सगळं ॲडमिशनच्या सीझनमध्ये चकाचकच असते. मागच्या दोन-तीन वर्षांचे कटऑफ काढा, ब्रँचनुसार प्लेसमेंट काढा, फी काढा, घरी बसून कॉलेजांचे नंबर लावा. मी माझ्या पोराच्या वेळी एकही कॉलेज पाहिलं नाही आणि आमचं काही अडलं नाही. तोच पैसा पहिल्या महिन्याच्या मेसला लागेल.

जुनी होस्टेलर
@कटऑफ पाहा, काका तुमचा मुलगा घरून जात होता का? कारण होस्टेलवर राहणाऱ्या मुलीचं गणित वेगळं असते. मी गोंदियाची, माझ्या बाबांनीही कटऑफ पाहूनच कॉलेज टाकलं होतं (नाव नाही घेत), आणि सामान घेऊन गेलो तेव्हा कळलं की ज्याला कॉलेजचं होस्टेल म्हटलं ते मेन रोडपासून आत, किरायाची बिल्डिंग, एका मजल्यावर तीन बाथरूम आणि त्यातल्या एकाला आतून कडीच नव्हती, आम्ही मुली बादली टेकवून दार लावत होतो, पूर्ण पहिलं सेमिस्टर. हे कोणत्या कटऑफमध्ये दिसते?

दादा, या, पण तीनच पाहा आणि एकेकाला अर्धा दिवस द्या. होस्टेल आतून दाखवा म्हणा, आईला सोबत आणा म्हणजे वरपर्यंत सोडतील. मेसमध्ये जेवण करा, विकत मिळालं तर. डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावरच्या तारखा पाहा, लॅबमधल्या कॉम्प्युटरच्या कव्हरवर धूळ आहे का पाहा. आणि थर्ड इयरच्या मुलीला एकटं गाठून विचारा, सर समोर असले की ती खरं नाही बोलणार. शनिवारपेक्षा गुरुवार-शुक्रवार बरा, मुलं-मुली भेटतात.

केमिकलवाला
एलआयटी मात्र लिस्टमधून काढू नका. 1942 ची संस्था, रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून झालेली, केमिकलसाठीच ओळखली जाते. 2023 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, रामदेवबाबाही आता विद्यापीठ झालं, तर दोघांचे ॲडमिशनचे यंदाचे नियम त्यांच्याच वेबसाइटवर वाचून या.

बाकी व्हीएनआयटी काढा म्हणता ते मला पटत नाही. मी बारावीत असताना मामानं मला तिथं नुसतं फिरवलं होतं, सीट मिळणार नव्हती हे दोघांनाही माहीत होतं. पण लायब्ररीत माझ्याएवढी पोरं वाचताना पाहिली आणि एम.टेक.चं तेव्हाच डोक्यात बसलं. लेकरानं मोठी जागा डोळ्यानं पाहिली पाहिजे. अ‍ॅक्वा लाइननं एलएडी चौकात उतरा, तिथून जवळ आहे.

हिंगणा रोड रोजचा
@केमिकलवाला, भाऊ, भावना समजते, पण जिथं सीटच नाही ते दाखवून पोरगी उरलेल्या कॉलेजांकडे नाक मुरडेल तर? माझ्या भाचीचं हेच झालं, लागलेल्या कॉलेजात वर्षभर मन नव्हतं तिचं.

केमिकलवाला
ते पोरीपोरीवर आहे, तिलाच विचारा.

आरमोरीचा बाप
विचारलं. पोरगी म्हणते व्हीएनआयटी पाहायचंच, पण शेवटी, आधी नाही. केडीके, रायसोनी आणि खापरी तिनंच खोडलं, म्हणे ही फॉर्मात खालीच टाकणार आहे. आता गुरुवारी सकाळी एलआयटी, दुपारी रामदेवबाबा. शुक्रवारी सकाळपासून वायसीसीई, होस्टेलसकट, बायको सोबत येऊन राहिली. कडीचं ऐकून ती रात्रभर झोपली नाही, ताई. शुक्रवारीच परतायचं आहे, तर व्हीएनआयटी करून गणेशपेठला आरमोरीची गाडी पकडायला वानाडोंगरीहून किती वाजता निघावं लागेल तेवढं कोणी सांगा.